रेस्क्यूवरून आल्या आल्या "सगळं बोलून टाका"? जरा थांबा

ट्रेकर्सच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, की रेस्क्यूवरून आलेल्या पोरांना 24 तासांच्या आत गोल बसवून काय काय पाहिलं ते सगळं बोलायला लावा म्हणजे पीटीएसडी (भयंकर काही पाहिल्यावर मनाला जडणारा, लवकर न जाणारा त्रास) होतच नाही. असं नाहीये हो. त्याला डीब्रीफिंग म्हणतात आणि असं एकदाच बसवून बोलायला लावल्याने पीटीएसडी टळतो असं अभ्यासात दिसलेलं नाही, उलट काहींना त्रास वाढला, म्हणून डब्ल्यूएचओसुद्धा ते करू नका म्हणतं.

इर्शाळवाडीची दरड आठवा, जुलै 2023. वर जेसीबी जाईना, भर पावसात चढून जायचं नि फावडी घेऊन चिखल उपसायचा, चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते नि 57 जण बेपत्ताच. तिथून आलेला माणूस दारात बूट न काढता नुसता बसून राहतो, त्याला लगेच "सांग ना काय झालं" कशाला विचारायचं? चहा द्या, झोपू द्या, घरी फोन लावून द्या. स्वतःहून बोलला तर ऐका.

बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात, पण महिना उलटला तरी झोप नाही, तेच तेच डोळ्यापुढे येतंय, तर डॉक्टर गाठा किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.