एक रुपयाचं काम नाही

जुनी गाडी विकायला काढली की जाहिरातीत एक वाक्य घालावंच लागतं: ‘गाडीत एक रुपयाचं काम नाही.’ मीही ते टाइप केलं आणि मग जरा चपापलो. पण नीट विचार केल्यावर लक्षात आलं की यात खोटं काही नाही. एक रुपयात होईल असं आमच्या गाडीत खरोखरच कुठलं काम नव्हतं.

2012 चं पासिंग, एमएच 12 म्हणजे पुण्याची, पेट्रोल, फर्स्ट ओनर, 84 हजार किलोमीटर. कागदावर गाडी म्हणजे अगदी गुणी मुलगी. बाकीचं आम्हाला दिसेनासं झालं होतं. ड्रायव्हरची काच वर घ्यायची तर एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्या तळव्याने तिला वर सरकवायचं. रिव्हर्स सरळ पडत नाही, आधी फर्स्टला जाऊन यावं लागतं. आणि स्टिअरिंग पुरतं डावीकडे वळवलं की हॉर्न वाजतो. आपोआप. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. तीन वर्षं झाली. आमचा वॉचमन तो आवाज ऐकूनच गेट उघडायचा, त्यामुळे ही मला सोयच वाटत होती.

पहिले आठ-दहा फोन एकाच प्रश्नाचे. ‘लास्ट किती?’ गाडी बघायची नाही, रंग विचारायचा नाही, थेट लास्ट. मी 1,75,000 म्हटलं की पलीकडून असा सुस्कारा यायचा, जणू मी किडनी मागितली. मग एक काका प्रत्यक्ष आले. त्यांनी खिशातून फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट काढलं आणि गाडीभर लावत फिरले. जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्यावर पुट्टी, म्हणजे गाडी ठोकलेली. मागच्या डाव्या दरवाज्यावर गणपती घसरला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी सोसायटीच्या खांबाकडे पाहिलं. विषय संपला.

त्यानंतर मी प्रामाणिकपणा करून पाहिला. एका तरुणाला काच, रिव्हर्स, हॉर्न, सगळं आधीच सांगून टाकलं. तो म्हणाला, “काका, तुम्ही एवढं सांगताय म्हणजे आत अजून बरंच असणार.” आणि गेला. बायकोने जाहीर केलं, “यापुढे तू बोलायचं नाहीस. तू फक्त चहा आणायचा.”

म्हणून सासवडचे पाहुणे आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. दादा, वहिनी, एक शाळकरी मुलगा आणि त्यांचा मेकॅनिक. मेकॅनिक एक अक्षर बोलत नव्हता. त्याने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, भोकावर पंजा धरला आणि डोळे मिटले. वैद्य नाडी बघतात तसा. मग सायलेन्सरमध्ये बोट फिरवून काजळी बघितली. माझा श्वास इंजिनपेक्षा जड झाला होता.

“एक चक्कर मारू,” दादा म्हणाले. मी पौड रोडने चांदणी चौकाकडे जायला सांगितलं, ही माझी घोडचूक. तिथला जुना पूल 2022 मध्ये स्फोट करून पाडला, नवे रॅम्प झाले, पण तो चढ एसी लावून चढायचा नसतो हे आमच्या गाडीने कधीच ठरवलेलं आहे. मी गुपचूप एसी बंद केला. दादा रॅम्प चुकले. तिथे नवखा माणूस चुकतोच, आणि चूक दुरुस्त करायला दर खेपेला कुठेतरी डावीकडचं आखूड वळण. दादांनी तीनदा स्टिअरिंग पुरतं डावीकडे मारलं. तीनदा हॉर्न. तिसऱ्या वेळी मागच्या सीटवरून मुलगा म्हणाला, “पप्पा, गाडी रडतीय.”

खाली आल्यावर मेकॅनिकने पहिल्यांदा तोंड उघडलं. “क्लच बारा हजार. टायर दोन. काच. आणि हॉर्नचं काम मोठंय, स्टिअरिंग खोलावं लागंल, पाच हजार धरा.” सौदा 1,40,000 ला ठरला. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. शेजारचे निवृत्त साहेब बोलावल्याशिवायच हजर होते. नाव ट्रान्सफर होईपर्यंत अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकाची, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. म्हणून मी सगळ्या कागदांचे फोटो काढले, दादांच्या आधार कार्डाचाही, आणि आम्ही हात मिळवले.

पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला. मी किल्ल्या दिल्या, रिव्हर्सची खुबी समजावली. बायको नारळ घेऊन खाली आली. तेवढ्यात मेकॅनिकने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, स्टिअरिंगच्या मधलं झाकण टपकन उचकटलं, आतली एक वायर बाजूला सारली, काळ्या टेपचे चार वेढे दिले आणि झाकण बसवलं. चहा अजून कोमट होता.

गाडी गेटबाहेर पडली आणि डावीकडे वळली. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. काहीच वाजलं नाही.

“तीन वर्षं,” बायको म्हणाली आणि नारळाची शेंडी माझ्या हातात देऊन वर गेली.