कोण गेलं?

आमच्या बादल घोड्याचे केस भादरले त्याला आज पाच दिवस झाले, तरी रोज कुणीतरी फाटकाशी येतं, चप्पल बाहेर काढतं आणि हळू आवाजात विचारतं, "कोण गेलं?"

कोणी गेलेलं नाही. वरातीत दोन-दोन तास डॉल्बीपुढं नाचून बादल चिंब व्हायचा. हिवाळ्याच्या दाट केसांत मुरलेला घाम पहाटेपर्यंत वाळायचा नाही आणि घोडा कुडकुडायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, केस काढा. काढले. पायांवरचे तेवढे ठेवले, काट्याकुट्याला आडोसा म्हणून. त्यामुळं घोडा वर उघडा आणि खाली लेंगा घातल्यासारखा दिसतो, हे मला मान्य आहे. दुसऱ्याच दिवशी साताऱ्यात पारा १० वर उतरला, त्याला मी काय करू?

तर तात्या. आमच्या गल्लीतले. कार्तिकात चढवलेली माकडटोपी त्यांची होळीलाच उतरते, आणि टोपीखालचा उजवा कान गेली कैक वर्षं संपावर आहे. सकाळी फिरायला निघालेले, ते बादलला बघून जागीच थबकले.

"कोण गेलं रं?"

"कोण जाणार, तात्या? केस गेले."

तात्या मटकन कट्ट्यावर बसले. "केशव गेला?"

"केस! केस!"

"कवा?"

"काल संध्याकाळी." इथं माझं चुकलं.

"आजारी व्हता?"

"आजारी कशाला? घाम वाळत नव्हता."

"मंजी हार्टच. घाम फुटला की हार्टच असतंय." मग बादलकडं बघून त्यांचा आवाज कापरा झाला. "आनि क्षौर ह्या मुक्या जनावराचं? घरात येवढं बाप्ये असताना?" माझ्या डोक्याकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही. "सोताचं भांग पाडून बसलायस."

आता योगायोग बघा, मला खरंच एक केशवकाका आहेत. वाईला. वय ८१, रोज घाटावर फिरून येतात. दुपारी त्यांचाच फोन.

"मी गेलो म्हणं."

"अहो काका, घोड्याचे केस—"

"घोड्याला सुतक पाळायला लावलंस आणि मला कळवलं नाहीस?"

त्यांच्याकडं जुनी माणदेशी घोंगडी आहे, ती मी बादलसाठी मागणार होतो. घाईत तेही बोलून गेलो. काका गार आवाजात म्हणाले, "दहाव्याला दान देतील की. तवा ये." फोन ठेवला.

मग विकतच आणली. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी म्हणजे अंगावर पत्रा घेतल्यासारखी. केस असते तर चाललं असतं. भादरलेल्या कातडीला ती टोचली आणि बादलनं कडुनिंबाला अंग घासून अर्ध्या तासात उतरवली. शेवटी आत बायकोचं जुनं सुती लुगडं, त्यावर घोंगडी, त्यावर माझी रजई आणि पोटाखालून तंगाचा पट्टा. लुगड्याला जरीकाठ होता, हे मला आधी दिसलं नाही. त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

सांत्वनाला आलेला प्रत्येकजण मात्र जाताना सल्ला देऊन गेला. कुणी म्हणालं गूळ चारा, कुणी म्हणालं दोन झाकणं ब्रँडी पाजा, कुणी कान चाचपून "गार पडलाय हो" म्हणालं. कान गारच असतात! हात घालायचा तो झुलीखाली, खांद्यामागं. तिथं कोरडं आणि उबदार लागलं की झालं. घामेजलं असेल तर पांघरूण जास्त झालंय. आणि घोड्याची शेगडी पोटात असते. कडबा मोठ्या आतड्यात आंबत राहतो, त्याची ऊब रात्रभर पुरते. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो कोरडी वैरण लागतेच, गारठ्यात वर आणखी एक पेंडी. चंदीनं, म्हणजे नुसत्या दाण्यानं, ती ऊब येत नाही. हे मी बारा जणांना समजावलं. बाराही जण चहा पिऊन गेले. एकानंही येताना काखेत पेंडी आणली नाही. मेलेल्या माणसासाठी नारळ आणतील, फुलं आणतील. जिवंत घोड्यासाठी वैरण आणायची तेवढी रीत नाही आपल्याकडं.

काल वरात होती. नवऱ्या मुलाच्या मामानं बादलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "टकला हाय. पाचशे कमी." पाचशे कापले. वर मंडपाबाहेर उघड्यावर तासभर घोडा उभा केला, का तर फोटोवाला जेवायला बसला होता. मी मागं झूल हातात घेऊन उभा, भालदार-चोपदारासारखा. टाकू देईनात. फोटोत घोंगडी येते म्हणे.

रात्री दोनला घरी आलो. बादलचं अंग आधी पोत्यानं कोरडं केलं, मग लुगडं, घोंगडी, रजई. रजई त्याच्याकडं गेल्यावर मला काय उरलं? डोक्याला पंचा गुंडाळून, हातात कंदील घेऊन वैरण टाकत होतो, तेवढ्यात समोरची खिडकी उघडली आणि माकडटोपी बाहेर आली.

"आता कोण रं?"