शिशाचं ट्रेनिंग म्हणजे रजिस्टरवरची सही नव्हे

सेफ्टी ट्रेनिंग झालं का विचारलं की लगेच रजिस्टर पुढे करतात, सगळ्यांच्या सह्या, तारीख, शिक्का, ऑडिटला एकदम ओके. पण त्याच लाईनवरच्या माणसाला विचारा, बाबा रे मागच्या वेळी तुझं ब्लड लेड, म्हणजे रक्तातलं शिसं, किती आलं? माहीतच नसतं! रक्त घेतलं होतं, रिपोर्ट ऑफिसात असेल म्हणे. माझं स्पष्ट मत आहे, ज्याला स्वतःचा आकडा माहीत नाही त्याचं ट्रेनिंग झालेलंच नाही, मग स्लाईड कितीही भारी दाखवा.

शिसं लबाड आहे हो. वास नाही, ठसका नाही, डोळे चुरचुरत नाहीत. बॅटरीच्या प्लेटा, भंगार वितळवणं, जुना रंग घासून काढणं, कुठेही धूळ आणि धूर नाकातून आत जातो, आणि हाताला लागलेलं जेवताना नाहीतर सिगरेट ओढताना तोंडात. मग थकवा, पोटात कळा, बद्धकोष्ठ, चिडचिड, आता हे तर कुणालाही होतं ना, म्हणून गोळी घेऊन माणूस परत शिफ्टला हजर आणि तिकडे बीपी, किडनी, नसा सगळ्यावर परिणाम चालूच. काम थांबवलं तर रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, पण हाडात शिरलेलं वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि हळूहळू परत रक्तात येत राहतं.

आणि ते "मास्क दिलाय ना"! हे ऐकलं की डोक्यात जातं. मास्क सगळ्यात शेवटी येतो. आधी बघा शिशाशिवाय काम होतं का, नसेल होत तर धूर जिथे निघतो तिथेच ओढून घेणारं एक्झॉस्ट लावा, कोरडा झाडू बंद करा, बारीक धूळही अडवणारा हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम आणा. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकतात ते तर बघवत नाही, खाली बसलेली धूळ परत सगळ्यांच्या नाकात. यातलं काहीच कामगाराच्या हातात नाही, तरी ट्रेनिंगमध्ये सगळा उपदेश त्यालाच.

अमेरिकेतल्या ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, शिशाचा नियम १९७८ चा, त्यातले आकडे आज ढिले वाटतात (एक डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम आले तर त्या कामावरून हलवा, हे फारच उशिरा झालं), पण एक गोष्ट मला पटते. हलवलेल्या माणसाचा पगार आणि सिनिऑरिटी १८ महिन्यांपर्यंत तशीच ठेवायची. खरी गोम इथेच आहे. आकडा वाढला की घरी बसवतील ही भीती असेल तर कोण कशाला सांगेल पोट दुखतंय म्हणून? टेस्टच्या दिवशी रजा टाकतील लोक, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

कामाचे कपडे आणि बूट घरी न्यायचे नाहीत हे मात्र ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगा, कारण पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेतं. पण मग कंपनीत लॉकर, शॉवर आणि कपडे धुवायची सोय पाहिजे, आणि आंघोळीची ती वेळ ड्युटीत धरा, सुटी झाल्यावर स्वतःच्या वेळात कोण थांबणार?

अजून एक, कुणी रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधीच शिसं उतरवायची औषधं देत असेल तर घेऊ नका. ओशाच्या नियमात त्याला सरळ बंदी आहे. त्या औषधांचा किडनीला त्रास होऊ शकतो, आणि धूर तर तिथेच असतो.