नक्की काय बघायचंय?

“पिकलाय का हो?” मी डॉक्टरांना विचारलं. आजोबांच्या वेळी मोतीबिंदू पिकायची वाट बघायचे. डॉक्टर म्हणाले, “आता तसं थांबत नाहीत. फार पिकला की कडक होतो, काढायला जड जातो.” टाळाटाळीचं शेवटचं कारणही गेलं.

मग मोतीबिंदू काढून आत बसवायच्या कृत्रिम लेन्ससाठी मोजमाप. शिंप्याने छाती-कंबर मोजली होती, डोळ्याची लांबी पहिल्यांदाच कुणी मोजत होतं. भरली साडेतेवीस मिलिमीटर. इथे एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने हुकतो, हे कळल्यावर मी श्वाससुद्धा बेताने घेतला.

“लघवीसाठी गोळी घेता का?” सिस्टरांनी अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं विचारलं. मी म्हटलं, “अहो, मी डोळ्यासाठी आलोय!” पण प्रश्न बरोबर होता. प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिनने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऐन ऑपरेशनमध्ये फडफडतो म्हणे. शरीरात कोण कुणाचा पाहुणा निघेल, सांगता येत नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. लेन्स निवडा! मोनोफोकल घेतली तर लांबचं स्वच्छ, वाचायला चष्मा. मल्टिफोकलने दोन्ही दिसतं, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसेल, तर टॉरिक, आणि ती आत तीस अंश फिरली तर सगळा फायदा पाण्यात. “तुम्हाला नक्की काय बघायचंय?” समजावणाऱ्या ताईंनी विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

त्यांनी एक फॉर्म दिला. रात्री गाडी चालवता का, वाचता किती, आणि शेवटी स्वभाव: एका टोकाला ‘चालवून घेणारा’, दुसऱ्या टोकाला ‘अतिकाटेकोर’. मी पहिल्या टोकाकडे पेन नेलं. बायकोने ते हातातून काढून घेतलं आणि दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, समासात, फुली मारली. ताईंनी मल्टिफोकलचं माहितीपत्रक हळूच ड्रॉवरमध्ये सरकवलं.

१९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडलींनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या पर्स्पेक्स प्लास्टिकचे तुकडे डोळ्याला सोसतात, हे त्यांनी हेरलं होतं. त्या पहिल्या रुग्णाचा नंबर मात्र चांगलाच चुकला. पण निवडायचा ताप तरी नव्हता!

महिनाभर घोळ घालून मोनोफोकल ठरली. लांबची. मग एकदा जवळची. मग पुन्हा लांबची.

ऑपरेशनच्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब पडले, भुवईवर शाईने बाण आला. तरीही सिस्टरांनी विचारलं, “काका, कोणता डोळा?”

सवयीने तोंडून निघून गेलं, “पर्याय काय काय आहेत?”