नवं यान नापास कसं करावं

‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानाच्या जुन्या अमेरिकन मालिकेवर नवा सिनेमा येतोय अशी बातमी आली की तो बघायची घाई करू नये. बघून मग मत बनवणं हे नवशिक्याचं काम. मुरलेला चाहता पोस्टरवरच निकाल लावून मोकळा होतो. पोस्टरवर यान अर्धंच दिसत असेल तर फारच उत्तम. उरलेलं अर्धं किती बिघडवलं असेल, ते आपल्याला न बघताच माहीत असतं.

तुम्ही राहता मालवणात, वेंगुर्ल्यात, नाहीतर देवगडात. त्या मालिकेतल्या ‘एन्टरप्राइज’ यानाच्या तबकडीची जाडी किती असावी याच्याशी तुझा संबंध काय, असं घरचे विचारतील. विचारू देत. लहानपणी तुम्ही दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ बघितलेली आहे, आणि तीही वडील कौलांवर चढून अँटेना फिरवत असताना. वरून “दिसता काय?” आणि आतून “अजून नाय!” असा संवाद चालू असताना, पडद्यावरच्या मुंग्यांतून जे यान तुम्हाला दिसलं, तेच खरं यान. त्याची रेघ न् रेघ तुम्हाला पाठ आहे. त्यातल्या निम्म्या रेघा अँटेनाच्या होत्या, पण ते सोडा.

वादाला पावसाळ्यासारखा ऋतू नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, त्यांच्या आडोशाला बसावं आणि यानाचा विषय काढावा. फक्त एक पथ्य पाळा. जवळ एखादा म्हातारा तांडेल जाळं विणत बसला असेल तर त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवू नका. तो फोटो आडवा करून बघतो, उभा करून बघतो, लांब धरून बघतो आणि विचारतो, “मासळी खय ठेवतत?” याचं उत्तर आजवर छापलेल्या एकाही नकाशात नाही. शिवाय हा माणूस शिडाच्या होडीवरून इंजिनावर आला, लाकडावरून फायबरवर आला, आणि ‘माझ्या बालपणाचा खून झाला’ असं एकदाही म्हणाला नाही. अशा माणसाच्या संगतीत वाद टिकत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. २००९ सालचा ‘स्टार ट्रेक’ घ्या, कारण भांडणासाठी त्याच्याइतका सुपीक सिनेमा दुसरा नाही. जुनं यान २८९ मीटर लांब, यावर सगळ्यांचं एकमत. नव्या यानाची लांबी मात्र सिनेमावाल्यांकडूनच दोन तऱ्हांनी बाहेर आली: आधी ३६६ मीटरच्या आसपास, नंतर थेट ७२५. त्यांनी यान काढलं एका मापानं आणि मग ते फुगवलं, असा साधा हिशेब आहे. पण साध्या हिशेबावर समाधान मानायला आपण काय बाजारात आलोय? चित्र थांबवावं, पडद्यावर पट्टी ठेवावी, खिडक्या मोजाव्यात, खिडकीवरून मजल्याची उंची काढावी, मजल्यांवरून यानाची. आपला आकडा ३६६ असेल तर ७२५वाल्याशी बोलणं टाकावं. त्याच्या घरी गणपतीला जरूर जावं, आरतीला टाळ कुटावेत, मोदकही खावेत. लांबीचा विषय निघाला की मात्र चप्पल शोधायला लागावं.

यान जमिनीवर, आयोवातल्या शेताडीत बांधताना दाखवलं, हाही मोठाच अपराध. एवढं अवजड यान अवकाशातच जोडायला हवं, असं ठणकावून सांगा. तुमच्या पाठीमागे जी होडी आहे ती माडाखालीच बांधली आणि मग पाण्यात लोटली, याकडे तेवढा वेळ पाठ असू द्या. ती असतेच.

इंजिनघराचं काय करायचं? ते लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज भागातल्या बिअरच्या कारखान्यात चित्रित केलं. चकचकीत टाक्या, जाडजूड पाइप, आणि त्यांतून तेविसाव्या शतकातली माणसं धावतायत. वरचा, यान चालवायचा कक्ष मोबाइलच्या शोरूमसारखा पांढराशुभ्र आणि दोन मजले खाली उतरलं की दारूची भट्टी. या एका मुद्द्यावर तुमची बाजू शंभर टक्के खरी आहे. म्हणूनच तो फार ताणू नका. समोरचा लगेच मान्य करतो आणि संध्याकाळ फुकट जाते.

पात्रांकडे वळलात की अंगात बळ येतं. नव्या कप्तान कर्कचे डोळे निळे का? चेकॉव्ह सतराच वर्षांचा कसा? स्पॉक आणि उहुरा यांचं जुळलं कधी, कुणाला विचारून? (या शेवटच्या प्रश्नावर चाहता अगदी मुलीच्या मामासारखा बोलायला लागतो.) पहिल्या मालिकेत १९६६ पासून जिला पडद्यावर नुसतं आडनाव होतं, त्या उहुराला या सिनेमात न्योता हे नाव पडद्यावर मिळालं. ही चांगली गोष्ट झाली असं कुणी म्हणेल. तुम्ही म्हणू नका.

कुणी पोरगा मध्येच तोंड घालेल: “पण काका, ती टाइमलाइनच वेगळी. २२३३ मध्ये तो खलनायक नीरो भूतकाळात आला, तिथून सगळं बदललं.” हा पळवाटीचा उत्तम नमुना आहे आणि सिनेमावाल्यांनी तो मुद्दाम तुमच्यासाठीच बांधून दिलाय. जुनी मालिका पुसली नाही, शेजारी नवी मांडली, आता तरी भांडू नका, अशी ती विनवणी होती. ती मान्य करणं म्हणजे वाटणीपत्रावर सही करण्यासारखं. कोकणातला माणूस इतक्या सहज सही करत नाही.

क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतले परग्रहावरचे लढवय्ये, यांच्या कपाळांची गोष्ट तर प्रत्येक चाहत्याला मुखोद्गत हवी. १९६७ मध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची कपाळं तुमच्या-माझ्यासारखी सपाट होती. रंगरंगोटी, मिशा, दाढ्या, बस्स. १९७९ च्या सिनेमाला पैसा मिळाला आणि कपाळावर अचानक हाडांचे वळ उमटले. का, ते कुणी सांगितलं नाही. पुढे १९९६ च्या एका भागात जुने आणि नवे क्लिंगॉन समोरासमोर आले. आता तरी उलगडा होईल म्हणून सगळे सरसावले, तर नव्या क्लिंगॉनांपैकी वॉर्फनं एवढंच सुनावलं की या विषयावर आम्ही परक्यांशी बोलत नाही. माझ्या मते इतकं शहाणं स्पष्टीकरण त्या मालिकेनं दुसरं दिलेलं नाही. पण चाहत्यांचं भागलं नाही. शेवटी २००५ मध्ये दोन भाग खर्चून जनुकं, विषाणू आणि बिघडलेला प्रयोग असं सगळं रचावं लागलं. मेकअपच्या बजेटचा हा बहुधा सर्वांत महागडा खुलासा असेल. तोवर १९७९ ची कपाळं ‘अस्सल’ ठरून गेली होती. मग २०१७ च्या मालिकेत क्लिंगॉनांचे केसच गेले. पुन्हा गहजब. २०१९ मध्ये केस परत उगवले. लढाईत भादरतात, शांततेत वाढवतात, असं कारण मिळालं. तुम्ही ‘पटलं नाही’ म्हणा. आपल्याला पटणं परवडत नाही.

आता काय माहीत असू नये, त्याबद्दल थोडं. ज्या वस्तू तुम्हाला देवघरातल्या टाकांसारख्या वाटतात, त्यांची पैदास कशी झाली हे शोधायला जाऊ नका. माणसं विरघळून ग्रहावर पोचवणारा तो ट्रान्सपोर्टर सुचला, कारण दर भागात यान उतरवून दाखवायला पैसे नव्हते. कर्कचा सोनेरी सदरा मुळात हिरवट होता, दिव्यांखाली कॅमेऱ्याला तो सोनेरी दिसला. स्पॉकच्या टोकदार कानांनी वाहिनीवाले एवढे धास्तावले की विक्रीच्या माहितीपुस्तकात त्यांनी ते कान रंगवून गोल करून टाकले. म्हणजे नव्या रूपाला नावं ठेवणारी पहिली मंडळी पडद्याच्या आतलीच. आणि यानाचा तो अकरा फुटी मोठा नमुना, जो १९७४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, त्याची डावी बाजू अपुरीच. आतल्या दिव्यांच्या वायरी तिथून बाहेर काढल्या होत्या. सगळं चित्रीकरण उजवीकडून. यान उलट दिशेनं जाताना दाखवायचं झालं तर अक्षरं उलटी चिकटवायची, चित्र घ्यायचं आणि फिल्म फिरवायची. ज्या जहाजासाठी तुम्ही जन्मभर भांडलात त्याला एकच बाजू होती, हे कळून कुणाचं भलं झालंय?

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे जत्रा. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव दशावतार सुरू होतात आणि तुमच्यातला कडवा चाहता मफलर गुंडाळून पहाटेपर्यंत पुढच्या रांगेत बसलेला सापडतो. रंगमंचावर एक बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की शिळा, कुणी वर उभा राहिला की डोंगर. लिहून आणलेले संवाद नाहीत, पेटी आणि मृदंगावर सगळं निभावतं. पहाटे चारला द्रौपदीच्या गालावर दाढीचे खुंट दिसू लागलेले असतात आणि ती धावा करते तेव्हा हा गृहस्थ डोळे पुसतो. सिंहासनाची लांबी विचारत नाही. मागच्या वर्षी हीच भूमिका दुसऱ्यानं केली होती, याचे डोळे वेगळे आहेत, असंही म्हणत नाही. फार तर ट्रिकसीनवाल्या नव्या दशावतारांवर चहा पिताना तोंड वाकडं करतो, धूर फार सोडतात म्हणून. तेव्हा जत्रेत कुणी ‘एन्टरप्राइज’चा विषय काढलाच तर खाजं घ्यायला उठावं.

निषेधाची पत्रं लिहायला मात्र कमी करू नका, पत्रांत ताकद असते. १९७६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरलं होतं. चाहत्यांनी पत्रांचा असा पाऊस पाडला की ते बदलून ‘एन्टरप्राइज’ करावं लागलं. ते शटल फक्त चाचण्यांसाठीच वापरलं गेलं. अवकाशात ते कधीच गेलं नाही. पण नाव बरोबर होतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर २००९ च्या यानाचे नॅसेल, म्हणजे दोन बाजूंचे इंजिनाचे नळकांडे, गालगुंड झाल्यासारखे दिसतात. हे मी आजही कुठल्याही नाक्यावर सांगेन. अडचण वेगळीच आहे. त्या वर्षी जो भाचा सात-आठ वर्षांचा होता आणि गोव्याच्या मल्टिप्लेक्समध्ये तुमच्या शेजारी आ वासून बसला होता, तो आता नोकरीला लागलाय. २०२२ च्या मालिकेतलं, पुन्हा नव्यानं घडवलेलं यान बघून तो तणतणत येतो. नॅसेल बारीक केले म्हणतो. तबकडी चपटी वाटते म्हणतो. “मामा, ह्या काय आमचा एन्टरप्राइज न्हय!” त्याचं आमचं, म्हणजे ते गालगुंडवालं.

अशा वेळी हसू नये. त्याला भरड नाक्यावर न्यावं, चहा सांगावा, भजी सांगावीत, आणि भजी येईपर्यंत सहज विचारावं, “तुझ्या मते त्याची लांबी किती रे?”