विरजणावर कुणाचंही पेटंट नाहीये, काकू

गेल्या आठवड्यात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, मग तोच माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, आणि काल तर सातपूर एमआयडीसीत काम करणाऱ्या भावानेही पाठवला, "ताई हे खरंय का" म्हणून. मेसेज थोडक्यात असा: दह्यातल्या चांगल्या बॅक्टेरियावर परदेशी कंपनीने पेटंट घेतलंय, आता घरी विरजण लावलं तरी पैसे भरावे लागणार. या बॅक्टेरियाने पोटाचे सगळे विकार बरे होतात हे पेटंट ऑफिसने तपासून मान्य केलंय. हे ज्ञान आपल्या आज्यांचं होतं, ते चोरलं, आणि आता आपण काहीच करू शकत नाही. खाली एका पेटंटच्या पहिल्या पानाचा फोटो.

मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय आणि बरीच वर्षं पेटंट सर्चचं काम करते, म्हणजे कुणी अर्ज टाकायच्या आधी ही गोष्ट आधी कुठे झालीय का ते शोधून द्यायचं. प्रोबायोटिकचे, म्हणजे पोटाला चांगले म्हणून देतात त्या जिवंत जंतूंचे, अर्ज त्यात भरपूर असतात. एरवी मी फॉरवर्डला उत्तर देत बसत नाही, पण यावेळी दोन गोष्टी झाल्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवून खरंच विचारलं की शेजारी विरजण द्यायचं की बंद करायचं. आणि दुसऱ्या विंगमधल्या एका काकांनी आतड्याच्या सुजेवरची डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करून "पेटंटवालं" सॅशे सुरू केलं, महिनाभर घरी कुणाला पत्ता नाही, परत रक्त पडायला लागलं तेव्हा कळलं. म्हणून लिहितेय, लांबेल, पण वाचा.

आधी तो फोटो. झूम करून बघा, वर कोपऱ्यात नंबरच्या आधी डब्ल्यूओ अशी अक्षरं आहेत. हे पेटंट नाहीच. हा आंतरराष्ट्रीय अर्ज आहे, जिनिव्हाची वायपो नावाची संस्था (बौद्धिक संपदेची जागतिक संघटना) असे अर्ज साधारण दीड वर्षाने छापते, कुणीही वाचावा म्हणून. ती संस्था पेटंट देत नाही, आणि सगळ्या जगाला लागू असं एकच पेटंट असतही नाही. त्या अर्जदाराला पुढे प्रत्येक देशात वेगळं जावं लागतं, वेगळी फी, वेगळी तपासणी, आणि बरेच अर्ज मध्येच गळतात. म्हणजे अर्ज केलाय एवढंच त्या फोटोतून कळतं, पेटंट मिळालं असं नाही.

"घरी विरजण लावलं तरी पैसे." आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ आहे, त्यात काय काय शोध धरायचं नाही त्याची यादीच आहे. त्यातलं सी पोटकलम म्हणतं की निसर्गात आहे तो सजीव तुम्हाला सापडला, तर ते सापडणं झालं, शोध नाही. इंग्रजी 'जे' अक्षराच्या पोटकलमात झाडं आणि प्राणी बाद आहेत, सूक्ष्मजीव मात्र बाद नाहीत, आणि गोंधळ इथेच होतो, लोक एवढंच वाचतात की "भारतात बॅक्टेरियाचं पेटंट मिळतं". मिळतं, पण त्यात माणसाने काहीतरी केलेलं असलं पाहिजे. अमेरिकेतला १९८० चा आनंद मोहन चक्रवर्तींचा खटला यातला सगळ्यात गाजलेला, आपल्या बंगालचा माणूस, त्यांनी कच्चं तेल खाणारा बॅक्टेरिया तयार केला होता, तो तसा निसर्गात नव्हता म्हणून तिथल्या सुप्रीम कोर्टाने पेटंट योग्य धरलं. आपल्याकडे २००२ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने कोंबड्यांच्या लशीच्या केसमध्ये सांगितलं की शेवटी हातात येणारी वस्तू जिवंत आहे एवढ्यावरून प्रक्रियेचं पेटंट नाकारता येणार नाही.

आता काकूंचं भांडं घ्या. पितळी झाकणाचं, कधीपासून चालू आहे ते त्यांनाही आठवत नाही, सासूबाईंकडून आलेलं विरजण. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत ते लागत नाही म्हणून त्या रात्री शालीत गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवतात, आणि मे महिन्यात दुपारी बारालाच आंबट होतं. त्या भांड्यात एक बॅक्टेरिया नाहीये, लॅक्टोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, लॅक्टोबॅसिलसच्या भाऊबंदातले काही, थोडं यीस्ट, अशी सगळी वस्ती आहे आणि ऋतूप्रमाणे त्यातलं कोण जास्त कोण कमी ते बदलत राहतं. पेटंटच्या क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या वाक्यात, असं मोघम चालत नाही. तिथे एकच ठराविक स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा एक नेमका वाण, लागतो, आणि नुसत्या वर्णनावर तो ओळखता येणार नसेल तर तो स्ट्रेन मान्यताप्राप्त केंद्रात जिवंत जमा करून त्याचा नंबर अर्जात द्यावा लागतो. १९७७ चा बुडापेस्ट करार आहे त्यासाठी, भारत त्यात २००१ मध्ये गेला, आणि अशी केंद्रं आपल्याकडे चंदीगढला आहेत, पुण्यात आहेत. म्हणजे क्लेम असतो "अमुक नंबरखाली जमा केलेला स्ट्रेन, अमुक पदार्थात सुकवून अमुक प्रमाणात". "दही" असा क्लेम कुणी टाकला तर एक्झामिनर, म्हणजे पेटंट ऑफिसातला तपासनीस, पहिल्याच रिपोर्टमध्ये तो उडवेल, नावीन्यच नाही, हजारो वर्षं लोक खातायत.

आणि दोन-चार स्ट्रेन एकत्र करून पुडी बांधली तरी भागत नाही, कलम ३ चं ई पोटकलम आडवं येतं. नुसतं मिश्रण चालत नाही, एकत्र आल्यावर प्रत्येकाच्या वेगवेगळ्या गुणांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम होतो हे आकड्यांनी दाखवावं लागतं. प्रोबायोटिकच्या अर्जांना आपल्याकडे हा आक्षेप नेहमी येतो आणि उत्तर द्यायला सहा महिने असतात.

ज्यांना मिळालं त्यांचंही कायमचं नसतं. जगात सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या स्ट्रेनपैकी एक आहे एलजीजी, एल म्हणजे लॅक्टोबॅसिलस आणि दोन जी तो शोधणाऱ्या गोरबाक आणि गोल्डिन या शास्त्रज्ञांच्या आडनावावरून, अर्ज १९८५ चा, अमेरिकेत पेटंट १९८९ मध्ये. ते कधीच संपलंय. भारतात मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, त्यानंतर कुणीही करा.

"पोटाचे सगळे विकार बरे होतात हे पेटंट ऑफिसने मान्य केलंय." मला सगळ्यात जास्त राग याचा आलाय, कारण काकांनी यावर विश्वास ठेवला.

पेटंट एक्झामिनर मुख्यतः तीन गोष्टी बघतो. हे नवीन आहे का. त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं का. उद्योगात वापरता येईल का. तो पेशंट तपासत नाही, दवाखान्यातली ट्रायल मागत नाही, कितीतरी अर्जांमध्ये पुरावा म्हणून काचेच्या नळीतले किंवा उंदरांवरचे प्रयोग असतात आणि पेटंटसाठी ते पुरतं. पेटंट म्हणजे इतरांना ही वस्तू बनवण्या-विकण्यापासून थांबवायचा हक्क. औषध चालतं का, सुरक्षित आहे का, हे बघणारी खाती वेगळी, औषध असेल तर औषध नियंत्रक आणि खाण्याच्या पदार्थात मोडत असेल तर एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण.

उलट, गंमत करत नाहीये, कायदाच सांगते, आपल्याकडे कलम ३ मधलं आय पोटकलम माणसावरच्या उपचाराच्या पद्धतीला पेटंटच देत नाही. "अमुक बॅक्टेरिया देऊन जुलाब थांबवण्याची पद्धत" हा क्लेम अमेरिकेत टाकता येतो, युरोपात वेगळ्या शब्दात फिरवून बसवतात, भारतात तो काढूनच टाकावा लागतो. त्यामुळे आपल्या पेटंट ऑफिसने एखादा उपचार मान्य केला हे वाक्यच चुकीचं आहे, उपचार त्यांच्या कक्षेत येतच नाही.

काकांच्या सुनेने ते सॅशे मला आणून दाखवलं. पुढे मोठ्या सोनेरी अक्षरात पेटंटेड. मागे, अगदी बारीक, चष्मा लावूनही खिडकीशी न्यावं लागलं, हेल्थ सप्लिमेंट आणि त्याखाली औषधी वापरासाठी नाही. हे छापावंच लागतं, एफएसएसएआयच्या नियमात आहे. त्याच नियमात असंही आहे की प्रोबायोटिक म्हणून विकायचं तर दिवसाच्या मात्रेत निदान दहा कोटी जिवंत जंतू हवेत आणि जातीचं नाव लिहिलेलं हवं. म्हणून पाकीट घेताना मागची बाजू वाचा. आणि पेटंट नसताना पेटंटेड छापणं हा कलम १२० खाली दंड होणारा प्रकार आहे, हेही माहीत असू द्या.

प्रोबायोटिक सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये हां. ओडिशाच्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांवर एक मोठी ट्रायल झाली, २०१७ मध्ये छापून आली, लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठराविक स्ट्रेन आणि सोबत त्याचं खाद्य असं आठवडाभर दिलं, तर रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा दगावणं हे ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. किती मोठी गोष्ट आहे ही. पण २००८ ची नेदरलँड्सची ट्रायलही आहे, स्वादुपिंडाच्या गंभीर सुजेच्या पेशंटना सहा स्ट्रेनचं मिश्रण दिलं, त्या गटात १५२ पैकी २४ दगावले आणि न दिलेल्या गटात १४४ पैकी ९. तेव्हा कुठला स्ट्रेन, कुठल्या आजाराला, कुठल्या पेशंटला, हे सगळं बघावं लागतं, आणि "चांगले बॅक्टेरिया आहेत, अपाय काय होणार" हे आजारी माणसाच्या बाबतीत कृपा करून म्हणू नका. काका आता परत त्यांच्या डॉक्टरांकडे जातायत.

"आज्यांचं ज्ञान चोरलं, आपण काहीच करू शकत नाही." पहिल्या अर्ध्या भागातली भीती खोटी नाही. हळदीने जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. पण सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हा डॉ. माशेलकर तिथे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे काढून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कडुनिंबाचं युरोपातलं २००० मध्ये रद्द झालं आणि अपिलात २००५ ला तेच कायम राहिलं. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली, आयुर्वेद, युनानी, सिद्धचे ग्रंथ परदेशी एक्झामिनरला वाचता येतील अशा भाषांत.

आणि आपल्या हातात तर खूप आहे. कलम ३ चं पी पोटकलम पारंपरिक ज्ञानाला पेटंट देत नाही. अर्जात सूक्ष्मजीव कुठून घेतला ते लिहावं लागतं, भारतातला असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी किंवा नोंदणी लागते. आणि अर्ज छापून आल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही, म्हणजे अगदी काकूसुद्धा, लेखी विरोध नोंदवू शकतात. विरोधाच्या कारणांत एक कारण असं आहे की हे ज्ञान एखाद्या स्थानिक समाजात आधीपासून आहे, तोंडी असलं तरी. तोंडी असलं तरी, हे कायद्यात लिहिलंय!

अडचण फक्त ही की तोंडी गोष्ट परदेशातल्या एक्झामिनरला सापडत नाही, मलाही सर्च करताना सापडत नाही. दह्याबद्दल ढिगाने छापलेलं आहे, त्याची मला काळजी नाही. पण आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्याकडे नागलीची आंबील करतात, प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी, ती लिहिलेली कुठे मिळते? उद्या त्यातून कुणी स्ट्रेन वेगळा काढला तर विरोध करणाऱ्याच्या हातात तारखेसकट छापलेलं काहीतरी पाहिजे. तर ग्रुपवर त्या बाजूचं कुणी असेल तर आई-आजीला विचारा, पीठ किती, पाणी किती, मातीच्या भांड्यात की स्टीलच्या, थंडीत किती वेळ आणि उन्हाळ्यात किती, पोट बिघडल्यावर देतात का, कुणाला देत नाहीत. व्हॉइस मेसेज पाठवलात तरी चालेल, टाइप मी करते.