‘वेश्याव्यवसाय कायदेशीर झाला’ हा निरोप खोटा आहे

‘सुप्रीम कोर्टाने वेश्याव्यवसाय कायदेशीर केला. आता पोलीस हात लावू शकत नाहीत. मुली पळवणाऱ्यांना रान मोकळं.’ १९ मे २०२२ च्या आदेशाचा हवाला देत हा मजकूर अजून फिरतो आहे.

कायदेशीर केला? सज्ञान बाईने मर्जीने देहविक्री करणं हा त्याआधीही गुन्हा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सुधारगृहातून सोडताना हेच सांगितलं होतं. १९५६ चा ‘पिटा’, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, शिक्षा देतो ती कुंटणखाना चालवणं, दलाली, रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं यांसारख्या गोष्टींना. २०२२ च्या आदेशाने त्यातला कानामात्राही बदललेला नाही.

पोलिसांबद्दलचं वाक्य सर्वांत घातक, कारण त्यावर बायकाच विश्वास ठेवतात. मर्जीने धंदा करणाऱ्या सज्ञान बाईवर पोलिसांनी कारवाई करू नये, ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारस होती. केंद्राने तिच्यावर आक्षेप घेतला आणि न्यायालयाच्या निर्देशांत ती आलीच नाही. अनेक बातम्यांनी मात्र तिलाच आदेश म्हणून छापलं. आजही खिडकीतून गिऱ्हाइकाला खूण केली तर ‘पिटा’च्या कलम ८ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच गुन्ह्यात पुरुषाला जास्तीत जास्त तीन महिने! दोघींनी सोबत म्हणून एका खोलीत धंदा केला तरी व्याख्येप्रमाणे तो कुंटणखाना. आणि आईच्या कमाईवर शिकणारा मुलगा अठराचा झाला की कलम ४ च्या कचाट्यात येऊ शकतो. हे मला कधीच पटलेलं नाही.

रान मोकळं तर मुळीच नाही. मानवी तस्करी आणि अल्पवयीन मुलींचं शोषण यांवरच्या कायद्यांना या आदेशाने हात लावलेला नाही. आदेशात आहे ते असं: लैंगिक अत्याचार झाला तर धंदा करणाऱ्या बाईला तातडीने उपचार. इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायकांना सोडता यावं म्हणून सुधारगृहांची पाहणी. निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. छाप्याच्या बातमीत या बायकांची ओळख उघड करायची नाही. शिवाय पत्त्याच्या पुराव्याशिवाय आधार कार्ड. नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचा किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचा दाखला त्यासाठी पुरतो, आणि ती बाई कोणता धंदा करते हे ओळखू येईल अशी कसलीही खूण आधारच्या नोंदणीत ठेवता येत नाही.